टाकीतलं नत्र, शेतातला युरिया

देऊळगाव राजाच्या शिवारात बीजोत्पादनाची शेडनेट दिसतात, कपाशी-सोयाबीन दिसतं. आणि हंगामात युरियाची ओढाताणही असतेच. गंमत अशी की एका माणसाच्या लघवीतून वर्षाला सुमारे ३ ते ४ किलो नत्र बाहेर पडतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र. म्हणजे सहा-सात माणसांचं घर वर्षाकाठी एक गोणी सेप्टिक टँकमध्ये, नाहीतर नाल्यात सोडून देतं.

आजोबांच्या पिढीला सोनखत माहीत होतंच. अडचण जंतांच्या अंड्यांची. ती गाळात महिनोन् महिने तग धरतात. साताऱ्यातल्या वाईत टाक्यांतला गाळ वाळवून कमी प्राणवायूत तापवतात व त्याचा कोळसा करतात. जंतू मरतात, स्फुरद टिकतं. नत्र मात्र बरंचसं हवेत जातं. नत्रासाठी हा मार्ग तोट्याचाच.

दुसरा उपाय स्ट्रुवाइट. सांडपाण्यात मॅग्नेशियम मिसळलं की स्फुरद आणि थोडं नत्र खड्यांच्या रूपात तळाशी बसतं. हे खत पाण्यात हळू विरघळतं, त्यामुळे पावसात फारसं वाहून जात नाही. कारखान्यांचं पाणी मिसळत असेल, तर जड धातूंची तपासणी मात्र आधी हवी.