चार्ज होतो म्हणजे जोडला गेला, असे नाही

सुरतजवळच्या सचिन जीआयडीसीत कामाला असलेले खानदेशी लोक गाडी घेऊन गावी निघाले, की पलसाणा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर हा रस्ता मोबाइलच्या नकाशावर कापला जातो. तो नकाशा गाडीच्या स्क्रीनवर उमटला नाही की निवाडा ठरलेला: ‘सिस्टीम गेली.’ पण अँड्रॉइड फोनचे अँड्रॉइड ऑटो किंवा आयफोनचे कारप्ले यांवर नकाशा, गाणी, बोलून दिलेले हुकूम हे सगळे फोनच सांभाळतो. स्क्रीन फक्त फोनने पाठवलेले चित्र दाखवते आणि बोटाचा स्पर्श फोनला कळवते. म्हणून तपास फोन आणि केबलपासून सुरू व्हावा. ‘फोन चार्ज होतोय, म्हणजे केबल चांगली’ हे यावरचे नेहमीचे उत्तर, आणि तेच सर्वांत फसवे. साध्या यूएसबी केबलमध्ये चार्जिंगला दोन तारा पुरतात, डेटासाठी आणखी दोन लागतात. काही स्वस्त केबलींत त्या मुळातच नसतात, किंवा वाकून वाकून तुटलेल्या असतात. काही गाड्यांत मागच्या सीटजवळचे पोर्टही नुसते चार्जिंगचे असते. शिवाय यंत्रमागांच्या भागात खिशातला धाग्यांचा कचरा फोनच्या पोर्टमध्ये दबून बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी काडीने तो हलकेच काढता येतो, सुई नको.

‘कॉल लागतो, गाणी वाजतात, मग जोडणी आहेच की’ हा दुसरा आक्षेप. ते ब्लूटूथचे काम. आवाज त्यावरून जातो, पण हलत्या नकाशाचे चित्र त्याला झेपत नाही. वायरलेस अँड्रॉइड ऑटोतही ब्लूटूथ ओळख करून देते, नकाशाचे चित्र मात्र वाय-फायवर चालते. त्यामुळे बॅटरी वाचवायला वाय-फाय बंद ठेवणाऱ्याने तक्रार करण्यात अर्थ नाही. जोडणीची जुनी नोंद अडत असेल तर ती फोन आणि गाडी दोन्हीकडून पुसून नव्याने जोडावी. एकाच बाजूने पुसली तर घोळ कायम राहू शकतो. आयफोनवाल्यांनी बोललेले हुकूम घेणारी सिरी चालू आहे ना, तेही पाहावे. ती बंद असेल तर कारप्ले सुरूच होत नाही.

वाटेतल्या कोंडाईबारी घाटात रेंज गेली म्हणून स्क्रीनची जोडणी तुटते, हेही खरे नाही. फोन आणि स्क्रीन यांच्यातल्या दुव्याला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागते. तो निघण्याआधी डाउनलोड करून ठेवता येतो. उन्हाचे मात्र वेगळे. अॅपल आयफोन वापरायला ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सुचवते, आणि मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवलेला फोन ती मर्यादा सहज ओलांडतो आणि अडू शकतो.

‘काल तर चालत होते’ यावरून गाडी दोषी ठरत नाही. रात्रीतून फोनचे सॉफ्टवेअर बदललेले असू शकते. त्याच केबलला दुसरा फोन, मग त्याच फोनला दुसरी डेटा केबल लावून पाहावी. दोन्ही फोन दोन्ही केबलींवर हटून बसले, तर संशय गाडीवर घ्यायला हरकत नाही. तेव्हाही सर्व्हिस सेंटरला आधी स्क्रीनचे सॉफ्टवेअर अपडेट आहे का विचारावे, नवी स्क्रीन बसवण्याचे बोलणे नंतर.