कूलरशिवाय गार घर: चार्ल्स कोरिया

पनागर-जबलपूरकडची मंडळी भोपाळला गेली की भारत भवन (१९८२) बघतात. त्याचे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया. मला मात्र त्यांनी केलेली घरं जास्त भावतात.

जन्म १९३०, सिकंदराबाद. घराणं मूळ गोव्याचं. शिक्षण मुंबईत, पुढे अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटी.

अहमदाबादचं ‘ट्यूब हाऊस’ (१९६१-६२) घ्या. रुंदी जेमतेम १२ फूट, लांबीला मात्र ऐसपैस. तापलेली हवा तिरक्या छताखालून वर सरकते आणि माथ्यावरच्या झरोक्यातून निघून जाते. दाराजवळच्या झडपांतून ताजी हवा आत येते. घर आतून सलग, भिंती कमीत कमी, म्हणून वाऱ्याला अडवणारं कुणी नाही. पत्र्याखाली मे महिना काढणाऱ्या आपल्या भागात हे कुणाला सुचू नये? ते घर आता उरलेलं नाही, याची हळहळ वाटते.

मुंबईचं कांचनजंगा (१९८३) श्रीमंतांचं: २८ मजले, कोपऱ्यांत दोन मजली उंच गच्च्या. ऊन-पावसाचा मारा गच्चीवर, खोल्या सुरक्षित. जुन्या बंगल्याचा व्हरांडाच तो, उंचावर नेलेला.

माझ्या मते सर्वांत शहाणं काम बेलापूरचं ‘आर्टिस्ट व्हिलेज’. सात-सात कमी उंचीची घरं एका छोट्या चौकाभोवती. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, त्यामुळे पैसे जमतील तसं घर वाढवता येतं. लोकांनी ते इतकं वाढवलं की मूळ घरं थोडीच राहिलीत. नवी मुंबईला गेलात तर लवकर बघून घ्या!