अकरा महिन्यांचं घर

"अकरा महिन्यांचंच तर आहे मॅडम, रजिस्ट्रेशन कशाला? नोटरीचा शिक्का मारून घेऊ, झालं काम." कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीचा जिना उतरताना एजंटने हे इतक्या सहज सांगितलं, की मी मान डोलावून मोकळी झाले असते. आधीची दोन घरं मी अशीच तर घेतली होती. दुसऱ्या घराने मात्र एक गोष्ट शिकवली होती. ते सोडताना मालकांनी डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले आणि "आपलं तसं बोलणं झालं होतं" असं सांगितलं. तसं बोलणं झालेलं नव्हतं, आणि माझ्या हातातल्या कागदात रंगाबद्दल एक अक्षरही नव्हतं.

म्हणून तिसऱ्या घराच्या वेळी मी आधी कायदा वाचला. त्या वाचनाने मला धीर दिला. भाड्याच्या घरात आपण कायम कुणाच्या तरी मेहेरबानीवर राहतो, ही भावना मी वर्षानुवर्षं बाळगली होती. तिच्यातला बराच भाग ऐकीव गोष्टींचा निघाला.

"अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही"

हा समज कुठून आला ते सांगता येतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यातल्या कलम १७ नुसार एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यातून पळवाट निघाली ती बारा महिन्यांच्या आत राहण्याची, आणि अकरा हा आकडा देशभर रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट बंद आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं, की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची, त्याने फरक पडत नाही.

ही जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, राहणाऱ्यावर नाही. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय करारच नोंदलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. रंगाचे पैसे कापले गेले तेव्हा हे मला माहीत असतं, तर मी मुकाट्याने किल्ली देऊन बाहेर पडले नसते.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. कागदावर सह्या कुणी केल्या याची ती साक्ष असते. नोंदणी होते ती नोंदणी व मुद्रांक विभागाकडे, आणि आता त्यासाठी कार्यालयात रांग लावावी लागत नाही. ऑनलाइन नोंदणी करून देणारी माणसं अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतात, दोन्ही बाजूंचे आणि साक्षीदारांचे ठसे घेतात, पुढे करार मेलवर येतो.

मग खर्चाची भीती. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के असतं. समजा, भाडं वीस हजार, मुदत अकरा महिने आणि परत मिळणारं डिपॉझिट साठ हजार. भाड्याचे झाले २,२०,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं ५,५०० रुपये. बेरीज २,२५,५००, आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ५६४ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. सामान हलवणाऱ्या टेम्पोला आपण याहून जास्त देतो.

मालकांची भीती

आपण भाडेकरू आपल्या बाजूनेच बोलतो, पण मालकांच्या मनातली भीतीही समजून घ्यायला हवी. आमच्या आताच्या घरमालकीण काकू निवृत्त शिक्षिका आहेत. करारावर सही करताना त्यांनी दोनदा विचारलं, "पुढे तुमचा हक्क तर लागत नाही ना?" त्यांच्या वडिलांच्या काळात तसं खरंच घडलेलं आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणारे लोक एका फटक्यात संरक्षित भाडेकरू ठरले. विश्वासाने दिलेलं घर परत मिळेना. त्या धक्क्याची आठवण घराघरांत उतरली आहे, म्हणून आजही मालक अकरा महिन्यांनी घर खाली करवून एखाद्या आठवड्याने त्याच माणसाला परत देतात.

१९९९ च्या कायद्याने हे चित्र बदललं. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि राहणारा निघाला नाही, तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो. मुदतीनंतर राहिल्याबद्दल ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे मालकाला संरक्षण मिळतं ते नोंदलेल्या लेखी कराराने. अकरा या आकड्यात काही जादू नाही. काकूंना हे समजावलं, तेव्हा त्यांनी आपणहून दोन वर्षांचा करार करू म्हटलं. मुलीची शाळा दरवर्षी बदलेल की काय, ही माझी धास्ती त्या दिवशी गेली.

"बारा वर्षं राहिलं की घर भाडेकरूचं होतं" हे वाक्यही याच भीतीतून येतं. १९६३ च्या मुदत कायद्यातली बारा वर्षांची तरतूद आहे ती मालकाच्या हक्काला विरोध करून घेतलेल्या ताब्यासाठी. मालकाच्या परवानगीने, त्याला दरमहा पैसे देऊन राहणाऱ्याचा ताबा तसा नसतो. बारा वर्षं राहा की वीस, घर मालकाचंच राहतं.

डिपॉझिटबद्दलही एक अर्धवट बातमी फिरत असते, की आता दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. दोन महिन्यांची मर्यादा आहे ती केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रात व्यवहार चालतो तो १९९९ च्या कायद्यावर, आणि त्यात डिपॉझिटला अशी कमाल मर्यादा नाही. आपल्या हातात असतं ते करारात लिहून घेणं: किती दिवसांत परत, कशासाठी कापणार, वापराने होणारी नेहमीची झीज त्यात धरणार की नाही. आणि सामान आत यायच्या आधी रिकाम्या घराचे फोटो. प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ, ओट्याची प्रत्येक फट, विजेच्या मीटरचं रीडिंगसुद्धा. ते त्याच दिवशी मालकांना पाठवून ठेवावेत. आम्ही पाठवले तेव्हा काकूंनी उलट दोन फोटो जोडले, मोरीच्या फुटलेल्या फरशीचे. मी ते पाहिलंच नव्हतं.

पोलिस आणि सोसायटी

"पोलिसांची एनओसी आणा, मगच चावी." असा काही ना-हरकत दाखला घ्यायचा नसतो. पोलिस आयुक्त आदेश काढतात तो भाडेकरूची माहिती कळवण्याचा, आणि ती कळवण्याची जबाबदारी मालकाची असते. हे ऑनलाइन होतं. आपण कागदपत्रं वेळेवर द्यायची, एवढंच.

सोसायटीचं तसंच. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने सदनिका भाड्याने देताना संस्थेची पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही, आठ दिवस आधी कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. भाडेकरूचं लग्न झालं आहे का, तो काय खातो, हे विचारणारं कलम त्यात नाही. सभासद स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ पासूनचा आदेश आहे. सेवाशुल्क महिना दोन हजार असेल तर हे झाले जास्तीत जास्त दोनशे. ते भरायचे मालकाने. करारात "मेंटेनन्स भाडेकरूकडे" असं मोघम लिहिलेलं असेल तर हे दोनशेही आपल्याकडे सरकतात, तेवढं आधी विचारून घ्यावं.

"घर लाभत नाही"

पहिल्या रात्री आमच्याकडे कुणालाच झोप लागली नाही. खोकी अर्धवट उघडलेली, पंख्याचा आवाज वेगळा, लिफ्टचं दार आपटलं की सगळे जागे. सकाळी सासूबाई चहा घेताना हळूच म्हणाल्या, "या घरात काहीतरी आहे गं. लाभायचं नाही." स्वयंपाकघराची दिशाही त्यांच्या मनासारखी नव्हती. त्यांचं भय खोटं नव्हतं, म्हणून मी ते उडवून लावलं नाही. त्यांना मी एक संशोधन सांगितलं.

अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री माणसाच्या मेंदूचे दोन्ही अर्धगोल सारखे झोपत नाहीत. गाढ झोपेतही डाव्या बाजूचा काही भाग उथळ झोपतो आणि अनोळखी आवाज टिपत राहतो. जणू घराची राखण करतो. पुढच्या वेळी त्याच जागी झोपल्यावर हा फरक दिसला नाही. दिशा कुठलीही असो, पहिल्या रात्री मेंदू पहारा देणारच. सासूबाई ऐकत होत्या. "म्हणजे कुत्र्यासारखं एक डोळा उघडा," त्या म्हणाल्या. चौथ्या दिवशी दुपारी त्या हॉलमध्ये तासभर घोरत होत्या.

पहिल्या आठवड्यात आणखी एका गोष्टीने आमचा जीव खाल्ला: बाथरूमचा वास. ड्रेनेज तुंबलं असणार म्हणून मी प्लंबर बोलवायला निघाले होते. घर चार महिने बंद होतं हे मात्र डोक्यात आलं नाही. जाळीखाली वळणदार ट्रॅप असतो, त्यात नेहमी थोडं पाणी साचून राहतं, आणि तेच गटारातली हवा वर येऊ देत नाही. घर बंद राहिलं की ते पाणी वाळतं आणि वाट मोकळी होते. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतलं. बेसिन, मोरी, बाल्कनी, कपड्यांच्या मशीनची जागा, सगळीकडे. संध्याकाळपर्यंत वास गेला. तरीही राहिला असता, तर प्लंबर होताच.

ओल हे जास्त गंभीर प्रकरण. घरं बहुतेक एप्रिल-मेमध्ये पाहिली जातात, शाळा सुरू व्हायच्या आत. तेव्हा भिंती कोरड्या असतात, वर नवा रंग असतो, आणि जुलैत पोपडे सुटले की आपण म्हणतो, फसवलं. कधी कधी खरंच फसवलेलं असतं. पण नवा रंग म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे पाहतानाच लक्षात ठेवायला हवं. विटांतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडतं, क्षार राहतात आणि रंगाला आतून ढकलतात. त्यालाच आपण लोणा म्हणतो. कपाटामागचा कोपरा, खिडकीच्या चौकटीखालची जागा, बाथरूमला लागून असलेली भिंत हाताने चाचपून पाहावी. पांढरी भुकटी हाताला लागली तर पाणी येतं आहे.

"ओल आहे म्हणजे वरच्यांच्या घरातून गळतंय" असं लगेच म्हणून वरच्या मजल्यावर भांडायला जाऊ नये. प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावं. पाणी प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला असेल तर ते भिंतीतून येतं आहे. खोलीच्या बाजूला असेल तर हवेतला दमटपणा आहे, आणि पावसाळ्यात दारं लावून आत कपडे वाळवले की तो वाढतोच. आमच्या मागच्या खोलीत तो आमच्याच कपड्यांचा निघाला. दोरी बाल्कनीत हलवली. हॉलच्या भिंतीत मात्र पाणी बाहेरून येत होतं. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती दुरुस्त करणं आदर्श उपविधींनुसार सोसायटीच्या खर्चात येतं. काकूंनी सोसायटीला लेखी कळवलं. दुरुस्तीला दिवाळी उजाडली, पण ती झाली.

"भाड्याच्या घराचा पत्ता लावता येत नाही"

सगळ्यात जास्त वाईट मला या समजुतीचं वाटतं. वर्षानुवर्षं एका गल्लीत राहणारी माणसं आधार, गॅस, बँक सगळीकडे गावाचा पत्ता ठेवतात, कारण "इथलं आपलं काय आहे?" नोंदणीकृत करार हा आधारवर पत्ता बदलण्यासाठी चालतो. गॅस जोडणीला घर मालकीचं असावं लागत नाही. जोडणी हस्तांतरित होईपर्यंत ओळखपत्रावर पाच किलोचा छोटा सिलेंडर मिळतो. आम्ही पहिला पंधरवडा त्यावरच काढला.

आणि मतदान. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदार यादीत नाव येण्याची कसोटी आहे ती सर्वसाधारण निवासाची, म्हणजे माणूस प्रत्यक्षात कुठे राहतो याची. त्याच कायद्याचं कलम २० सांगतं, की एखाद्या मतदारसंघात केवळ स्वतःचं घर आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. मालकीने मिळत नाही ते राहण्याने मिळतं. हे वाक्य मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा वाचलं.

मतदार यादीतला पत्ता बदलण्याचा आठ नंबरचा अर्ज मी त्याच आठवड्यात भरला. यादीत नाव आलं तेव्हा मतदान केंद्राचा पत्ता पाहिला. दोन गल्ल्या सोडून असलेली महापालिकेची शाळा. तिच्या फाटकाशी बसणाऱ्या मावशींकडून मी रोज सकाळी कोथिंबीर घेते.