३७.३३ सेकंदांमागचे वैद्यकशास्त्र

सदाशिव पेठेतल्या कोणत्याही अभ्यासिकेत जाऊन विचारा, भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक कोणी मिळवून दिले? स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले मान वर न करता सांगतील : अभिनव बिंद्रा, बीजिंग, २००८. उत्तर बरोबरच आहे. पण प्रश्नात ‘किंवा पॅरालिंपिक’ एवढे दोन शब्द वाढवले, की उत्तर ३६ वर्षे मागे सरकते आणि बीजिंगहून थेट सांगली जिल्ह्यात येऊन पोहोचते. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण मिळवले. वेळ होती ३७.३३ सेकंद, त्यांच्या गटातील तेव्हाचा विश्वविक्रम.

२०२४ मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आल्यावर हे नाव घरोघरी पोहोचले. त्याआधी २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली होती. अर्जुन पुरस्काराला मात्र जानेवारी २०२५ उजाडावे लागले, म्हणजे पदकानंतर ५२ वर्षे. हा हिशेब ज्याचा त्याने करावा. आपल्या सदराचा विषय वेगळा आहे : कमरेखालचे शरीर लुळे पडलेला माणूस सात वर्षांत जगज्जेता जलतरणपटू होतो, तेव्हा शरीरात नेमके काय घडलेले असते? आणि खेळ हा उपचार आहे, हे डॉक्टरांना सुचले तरी कधी?

पेटकर सैन्यात ईएमई दलात जवान होते आणि मूळचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, त्यांपैकी एक पाठीच्या कण्यात अडकली. कण्याच्या मणक्यांमधून मज्जारज्जू जातो. लांबी साधारण ४५ सेंटीमीटर, जाडी जेमतेम करंगळीएवढी. मेंदूकडून हातापायांना जाणारे हुकूम आणि कातडीकडून मेंदूला जाणाऱ्या बातम्या या एकाच दोरीतून ये-जा करतात. हाड मोडले तर जुळते. मज्जारज्जू तुटला की आजच्या वैद्यकालाही तो पूर्ववत जोडता येत नाही. इजा जितकी वरच्या मणक्यापाशी, तितके जास्त शरीर हाताबाहेर जाते. मानेत झाली तर हातही जातात, छातीच्या खाली झाली तर हात शाबूत राहतात.

चालता येत नाही हे बाहेरच्या माणसाला दिसते. रुग्णाचा जीव घेणाऱ्या गोष्टी मात्र दिसत नाहीत. कातडीला संवेदना नसल्याने एकाच जागी तासन्‌तास दाब पडला तरी कळत नाही, रक्तपुरवठा बंद होतो आणि बेडसोर होतात. लघवीवर ताबा नसल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, जंतुसंसर्ग होतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढतो. पहिल्या महायुद्धात कण्याला इजा झालेले बहुसंख्य सैनिक गोळीने नव्हे, या दोन गोष्टींनी गेले. ‘काही दिवसांचा सोबती’ असे समजून त्यांना कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवले जाई.

हे चित्र बदलले ते लुडविग गुटमान यांनी. हे जर्मन ज्यू मज्जातज्ज्ञ नाझी राजवटीतून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडला आले. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात कण्याच्या रुग्णांचा विभाग त्यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यांचा पहिला उपाय ऐकायला अगदी साधा आहे : दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. रात्री कूस बदलली जाते की नाही हे पाहायला ते स्वतः फेरी मारत. जखमा भरू लागल्या, माणसे जगू लागली. मग पुढचा प्रश्न आला : जगलेल्या माणसाने दिवसभर करायचे काय?

वॉर्डातले रुग्ण चाकाच्या खुर्चीत बसून काठ्यांनी पोलोसारखा खेळ खेळू लागले. गुटमान यांना त्यात करमणुकीपेक्षा व्यायाम दिसला. धनुर्विद्या तर फारच सोयीची. दंड, खांदे, पाठ यांना बळ येते आणि बसल्या जागी तोल सांभाळायची सवय लागते. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांची, त्यात दोन महिला होत्या, धनुर्विद्येची स्पर्धा भरली. १९५२ मध्ये डच खेळाडू आले, १९६० मध्ये रोमला २३ देशांतले सुमारे ४०० खेळाडू जमले. पॅरालिंपिकचा उगम हा असा रुग्णालयाच्या आवारातला आहे. इतर बहुतेक खेळ मैदानावर, गल्लीत किंवा राजवाड्यात जन्मले, हा वॉर्डात जन्मला.

पेटकरांची वाट तशीच आहे. मुंबईतील नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात असताना उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. हा सल्ला देणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे नाव कुणाच्या तोंडी नाही, पण त्या सल्ल्यामागचे विज्ञान पक्के आहे. मानेपर्यंत पाण्यात उभे राहिले, तर शरीराचे वजन जमिनीवरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे जाणवते. पाण्याचा दाब पायांत साचणारे रक्त हृदयाकडे ढकलतो. जे स्नायू एरवी पाय हलवताना हे काम करतात ते निकामी असल्याने ही मदत मोलाची ठरते. छातीवरही तोच दाब पडतो, त्यामुळे प्रत्येक श्वास म्हणजे फुप्फुसांचा व्यायाम. शिवाय वापर नसल्याने ठिसूळ झालेली पायांची हाडे पाण्यात पडून-आपटून मोडण्याची भीती नसते.

उपचार म्हणून पोहणे वेगळे आणि शर्यत वेगळी. पोहताना आपले पाय लाथा मारतात ते नुसत्या वेगासाठी नव्हे, तर कंबर वर उचलून शरीर आडवे ठेवण्यासाठी. पाय निकामी असले की कंबरेखालचा भाग पाण्यात बुडतो आणि नांगरासारखा मागे ओढतो. वेग आणि समतोल, दोन्ही खांद्यांना एकट्याने सांभाळावे लागतात. त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू झालेल्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मार्क स्पिट्झने १०० मीटर ५१.२२ सेकंदांत पार केले, चारही हातपाय वापरून. त्या शेजारी ५० मीटरला ३७.३३ ठेवून पाहा. मुष्टियुद्धाने घडवलेले खांदे पेटकरांच्या कामी आले असणार, असे मला वाटते.

त्याआधी १९६८ मध्ये ते तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिस खेळले होते, तो भारताचा पहिलाच सहभाग. हायडेलबर्गला ते भालाफेकीत आणि चाकाच्या खुर्चीच्या नागमोडी शर्यतीतही उतरले. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली.

आणखी एक योगायोग. १९७२ याच वर्षी अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिले, की रुग्णाने दिवसातून काही वेळा स्वतःच स्वच्छ हातांनी कॅथेटर घालून लघवी काढली, तर कायमची नळी ठेवण्याची गरज राहत नाही आणि मूत्रपिंडे वाचतात. त्याला कुठे पदक नव्हते, पण या एका पद्धतीने वाचलेल्यांची संख्या कोणत्याही स्टेडियममध्ये मावणार नाही.

खेळाचे धोकेही आहेत. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल, तर भरलेले मूत्राशय, घट्ट पट्टा, अगदी पायाला टोचलेला खिळासुद्धा रक्तदाब एकदम भडकवू शकतो. रुग्णाला खिळा जाणवत नाही. जाणवते ती डोके फुटेल अशी डोकेदुखी. अशा वेळी त्याला लगेच उठवून बसवायचे, कपडे सैल करायचे, कॅथेटरची नळी कुठे मुडपली आहे का पाहायचे आणि आराम पडला नाही तर तडक रुग्णालय गाठायचे. घरच्यांना हे माहीत असायलाच हवे. काही खेळाडू मात्र शर्यतीत जोर यावा म्हणून हाच झटका मुद्दाम आणत. लघवी तुंबवून ठेवणे, पाय करकचून आवळणे असले प्रकार चालत. ‘बूस्टिंग’ म्हणतात त्याला. त्यातून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून त्यावर बंदी आहे.

या विषयात पुण्याची पाटी कोरी नाही. अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही १९१७ ची संस्था खडकीला आहे. वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, म्हणजे गुटमान यांच्या विभागाच्याच वयाचे. कण्याला इजा झालेल्या जवानांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रही खडकीलाच. भूसुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेले नागालँडचे हवालदार होकाटो सेमा याच शहरात गोळाफेकीकडे वळले, तेव्हा ते तिशी ओलांडून गेले होते. २०२४ मध्ये पॅरिसला १४.६५ मीटर गोळा फेकून त्यांनी कांस्य मिळवले, वयाच्या चाळिशीत.

सैनिकांसाठी ही साखळी आहे : रुग्णालय, पुनर्वसन, मग मैदान. झाडावरून, पराचीवरून किंवा गच्चीवरून पडलेल्या मजुराचे काय? आपल्याकडे कण्याच्या इजा मुख्यतः उंचावरून पडून आणि रस्त्यावरच्या अपघातांत होतात. शस्त्रक्रिया होते, टाके काढले जातात आणि रुग्ण खाटेवर घरी येतो. कूस कधी बदलायची, खुर्चीत बसल्यावर हातांवर जोर देऊन दर पंधरा-वीस मिनिटांनी बूड कसे उचलायचे, हे कोणी शिकवलेले नसते. काही महिन्यांत तो बेडसोर घेऊन परत येतो. त्याला तरणतलावाची स्वप्ने दाखवण्याआधी हे शिकवले गेले पाहिजे आणि डिस्चार्ज घेताना नातेवाइकांनी ते मागून घेतले पाहिजे.

आणि त्याही आधी, अपघाताच्या जागी. पडलेल्या माणसाची मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय हलत नसतील किंवा बधिर वाटत असतील, तर त्याला बसवू नये, पाणी पाजायला उठवू नये, काखेत आणि पायांना धरून रिक्षात कोंबू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका येईपर्यंत डोके दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवावे. उलटी होत असेल किंवा अन्य कारणाने कुशीवर वळवावेच लागले, तर चौघांनी मिळून डोके, खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी, ओंडका लोळवावा तसे वळवावे. डोके धरणाऱ्याने एक-दोन-तीन म्हणायचे आणि बाकीच्यांनी त्याच्याच हुकमाने हलायचे.