मेक्सिकोचा मका आणि खुला व्यापार

मेक्सिको हें मक्याचें मूळस्थान. आपल्याकडे जशी ज्वारीची भाकर, तशी तेथें मक्याची पातळ भाकरी. तिला तोर्तिया म्हणतात. अशा देशांत परक्या स्वस्त मक्यानें कोणाचें काय झालें, हें शेतकरी वाचकांनीं समजून घेण्याजोगें आहे.

ता. १ जानेवारी १९९४ रोजीं मेक्सिको, अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व कॅनडा यांचा खुल्या व्यापाराचा करार अमलांत आला. मक्यावरील जकात मात्र एकदम न उठवितां २००८ पर्यंत टप्प्याटप्प्यानें उठवावयाची होती. आरंभीं दरसाल २५ लाख टन मका जकातीवांचून यावा व त्यापुढील मालावर शेंकडा दोनशेंहून अधिक जकात बसावी, असा बांध घातलेला होता. परंतु धान्य स्वस्त राहावें म्हणून मेक्सिकोच्या सरकारनेंच मर्यादेबाहेरचा मका पुष्कळ वर्षें जकातीवांचून आंत येऊं दिला. बांध घरच्यांनींच फोडला! एका बाजूस आयोवाकडील यंत्रांनीं पिकविलेला व सरकारी साह्याचा मका. दुसऱ्या बाजूस डोंगरउतारावर पावसाच्या भरंवशानें पेरणारा दक्षिणेकडील लहान शेतकरी. भाव उतरले.

तरीही देशांतील मक्याचें पीक घटलें नाहीं, उलट वाढलें. खरी मेख येथेंच आहे. वायव्येकडील सिनालोआ प्रांतांत कालव्याचें पाणी, सुधारलेलें बीं व भांडवल हाताशीं असलेल्या मोठ्या बागाईतदारांनीं मका वाढविला. चियापास व ओआहाका येथील कोरडवाहू शेतकऱ्यांस तें साधलें नाहीं. त्यांचीं मुलें शहरांत किंवा सरहद्दीपलीकडे मजुरीस गेलीं. एकंदर उत्पन्नाचाच आंकडा पाहणारास हा भेद दिसावयाचा नाहीं.

साह्य म्हणून 'प्रोकाम्पो' नांवाची योजना निघाली. तींत रक्कम हेक्टरीं मिळे. अर्थात् ज्याची जमीन अधिक, त्याच्या पदरांत अधिक पडे. सरकारी धान्यखरेदी करणारी कोनासुपो ही संस्था १९९९ मध्यें बंद झाली. त्याच सुमारास तोर्तियावरील सरकारी साह्य व भावाचें नियंत्रणही उठलें. मक्याचें पीठ करण्याचा धंदा मोजक्याच हातांत असल्यामुळें मका उतरला, तरी भाकरी महागच झाली.

अन्नापुरतेंही उत्पन्न नसलेल्या लोकांचें प्रमाण १९९४ मध्यें शेंकडा २१ होतें, तें १९९६ मध्यें ३७ वर गेलें. याचा सर्व दोष करारावर टाकणें न्याय्य नव्हे. डिसेंबर १९९४ मध्यें पेसो हें तेथील नाणें कोसळलें, हें त्याचें मुख्य कारण. २००६ पर्यंत हें प्रमाण १४ च्या आसपास उतरलें. त्यांत परदेशीं गेलेल्या मुलांनीं घरीं धाडलेल्या पैशाचाही वांटा होता. २०२० मध्यें जुन्या कराराच्या जागीं नवा करार आला. मक्यावरील जकात त्यांतही परत आली नाहीं.