मुंबई ते नागपूर विमानाने: अंतर किती, वेळ किती?

दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि दादरच्या चैत्यभूमीवरचा महापरिनिर्वाण दिन, या दोन दिवसांसाठी मुंबई आणि नागपूरदरम्यान आपली लाखो माणसे प्रवास करतात. बहुतेक जण रेल्वेने किंवा एसटीने जातात. पण १९५६ चा दीक्षा सोहळा ज्यांनी लहानपणी पाहिला, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना रात्रभराचा गाडीचा प्रवास झेपत नाही. अशा आई-वडिलांना, आजी-आजोबांना विमानाने नेता येईल का, याचा विचार अनेक घरांत होतो. त्यासाठी हा हिशेब.

मुंबई विमानतळापासून नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे सरळ रेषेतले अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग एकटाच ७०१ किलोमीटरचा आहे, तर भुसावळमार्गे रेल्वेचे अंतर सुमारे ८४० किलोमीटर भरते. रेल्वेला गाडीनुसार साधारण ११ ते १५ तास लागतात.

तिकिटावर विमानाची वेळ साधारण दीड तास दिसते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने तर हे अंतर ५० मिनिटांत संपायला हवे. मग उरलेला वेळ कुठे जातो? विमान वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. धावपट्टीपर्यंत जाण्यात, रांगेत थांबण्यात वेळ जातो. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरण्याआधी आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. कंपन्या हे सगळे धरूनच वेळ छापतात.

वाऱ्याचाही फरक पडतो. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे डिसेंबरमध्ये नागपूरहून मुंबईला येणाऱ्या विमानाला समोरचा वारा लागतो आणि काही मिनिटे जास्त जातात.

पण खरा हिशेब घरापासूनचा करावा. घर ते विमानतळ एक-दीड तास, उड्डाणाआधी दोन तास, विमानात दीड तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि पुढे दीक्षाभूमीपर्यंत अर्धा तास. म्हणजे एकूण साडेपाच ते सहा तास. सोहळ्याच्या दिवशी नागपुरात वाहतूक वळवलेली असते, तेव्हा त्याहून जास्त वेळ धरा. मेट्रोच्या ऑरेंज लाइनवरचे रहाटे कॉलनी स्थानक दीक्षाभूमीला जवळ पडते.

तिकीट काढताना तीन गोष्टी पाहा. विमान मुंबईचे आहे की नवी मुंबईचे, आणि मुंबईचे असेल तर कोणत्या टर्मिनलचे, हे नीट वाचा. चुकीच्या ठिकाणी पोहोचलात तर विमान हमखास हुकते. वृद्धांसाठी व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा. आणि सणाच्या तोंडावर भाडे वाढते, म्हणून तारीख ठरताच तिकीट काढा. दसरा तिथीनुसार येतो, पण १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या तारखा तर वर्षभर आधीच ठाऊक असतात.

सगळ्या कुटुंबाला विमान परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण घरातले एक वृद्ध आणि सोबतीला एक जण विमानाने, बाकीचे रेल्वेने, असे करता येते. चार भावंडांनी वर्गणी काढली तरी जमते. ज्यांनी ती दीक्षा डोळ्यांनी पाहिली, त्यांना अंतरामुळे घरी बसावे लागू नये.