नाकारलेल्या पार्सलचा हिशेब

ऑनलाइन मागवलेली वस्तू रद्द करणं गिऱ्हाइकाच्या बाजूने एकच काम असतं, बटण दाबायचं. विकणाऱ्याच्या बाजूने मात्र ते बटण कधी दाबलं गेलं याला फार महत्त्व असतं. ऑर्डर टाकल्यावर तासाभरात रद्द झाली, तर माल अजून मांडणीतच असतो. यादीतलं एक नाव कमी होतं, विषय संपतो. पॅकिंग होऊन लेबल चिकटवल्यावर रद्द झाली, तर खोकं, टेप आणि अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. पण पार्सल पाचशे किलोमीटर प्रवास करून दारात पोहोचलं आणि आतून ‘नको आता, परत न्या’ असं उत्तर आलं, तर विकणारा जाण्याचं भाडं भरतो, येण्याचंही भरतो, आणि माल हातात पडेपर्यंत दोन-तीन आठवडे वाट पाहतो. या तिसऱ्या प्रकाराला धंद्यात ‘आरटीओ’, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, म्हणतात. घरातल्या एका खोलीतून साड्या, मसाले, दागिने विकणाऱ्या बाईला झोप न येण्याचं कारण विचारलं, तर पुष्कळदा हीच तीन अक्षरं ऐकू येतात.

आकडे धरून पाहू. समजा, सहाशे रुपयांची एक साडी आहे. तिची खरेदी ४०० रुपये, पॅकिंग १५, कुरियर ७०. साडी पोहोचली आणि पैसे मिळाले तर हातात ११५ रुपये उरतात. दारातून परत आली तर पॅकिंगचे १५, जाण्याचे ७० आणि परतीचे समजा ६०, म्हणजे १४५ रुपये खिशातून जातात. एका परतीत एका विक्रीच्या नफ्याहून जास्त रक्कम बुडते. दहा साड्या पाठवल्या आणि तीन परत आल्या, तर ३७० रुपये उरतात. चार परत आल्या तर ११०. पाच परत आल्या तर दीडशे रुपयांचा तोटा. जाहिरातीचा खर्च यात धरलेलाच नाही. विक्री वाढतेय, ऑर्डरचा आकडा दररोज चढतोय, आणि तरी महिन्याच्या शेवटी बँकेत काहीच नाही, अशी अवस्था कितीतरी नव्या विक्रेत्यांची होते, ती याच गणितामुळे.

भाडं नेहमी वजनावर ठरतं असंही नाही. कुरियरवाले पार्सलची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात, त्याला सर्वसाधारणपणे ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा किलो म्हणून धरतात. खरं वजन आणि हे आकारमानाचं वजन यांत जे जास्त, त्याचं भाडं लागतं. बांबू आणि कागदाचा तयार आकाशकंदील तराजूवर जेमतेम तीनशे ग्रॅम भरत असेल, पण ३० बाय ३० बाय २० सेंटिमीटरच्या खोक्यात घातला की तो ३.६ किलोचा होतो. असं खोकं नाकारलं गेलं तर कंदिलाच्या किमतीहून भाडंच जड होतं. त्यातून तो परत येईपर्यंत तुळशीचं लग्नही उरकलेलं असतं. घडीचे, सपाट पाकिटात जाणारे कंदील ऑनलाइन विकायला सोयीचे पडतात ते यामुळेच.

वस्तू आधी, पैसे दारात, ही रीत आपल्याकडे नवी नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे व्ही.पी. सुरू केली. मनिऑर्डर आली ती त्यानंतर, १८८० मध्ये. पुस्तकं, मासिकं, औषधं, घड्याळं व्ही.पी.ने गावोगाव पोहोचू लागली. पोस्टमन पैसे घेऊन पाकीट द्यायचा आणि ती रक्कम टपाल खातं पाठवणाऱ्याकडे पोहोचती करायचं. मराठी पुस्तकांच्या व्यवहाराला या सोयीने मोठा हात दिला, आणि न सोडवलेल्या व्ही.पी.चं दुखणंही तिथूनच सुरू झालं. परत आलेल्या पाकिटाचं टपाल प्रकाशकाच्या माथी पडे. आज इन्स्टाग्रामवर कुर्त्या विकणारी मुलगी ‘शंभर रुपये ॲडव्हान्स, बाकी डिलिव्हरीला’ असं लिहिते, ती त्याच जुन्या दुखण्यावरचा उपाय करत असते.

ऑनलाइन खरेदीच्या काळात ही पद्धत मोठी झाली ती फ्लिपकार्टने २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी आणल्यावर. तेव्हा क्रेडिट कार्ड मोजक्यांकडे होतं आणि न पाहिलेल्या दुकानाला आधी पैसे देण्याची लोकांना भीती वाटे. त्या भीतीवर हा नेमका उतारा होता. २०१६ मध्ये यूपीआय आलं, चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड लागला, तरी दारात पैसे देण्याची सवय गेली नाही. माझ्या मते ती पूर्णपणे जाऊही नये. फोटोत रेशीम आणि पार्सलमध्ये पॉलिस्टर, असा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांच्यासाठी दारातला नकार हेच एकमेव हत्यार असतं. ते काढून घ्या म्हणणारे विक्रेते आपल्याच धंद्यातल्या फसवणाऱ्यांना पाठीशी घालतात.

पण लोक पार्सल नाकारतात ते फसवणुकीच्या धास्तीनेच, असंही नाही. बऱ्याच नकारांमागे अगदी साधी कारणं असतात. ऑर्डर रात्री अंथरुणात पडल्या पडल्या दिलेली असते, पार्सल येतं दुपारी, तेव्हा मागवणारी कामावर असते आणि घरात सासूबाई एकट्या. त्यांच्या हातात सहाशे रुपये रोख नसतात, किंवा असले तरी कशाचे हे त्यांना ठाऊक नसतं. कधी महिनाअखेर असते. कधी डिलिव्हरीला आठ दिवस लागतात आणि ज्या बारशासाठी कपडे मागवले ते बारसं होऊन गेलेलं असतं. कधी तीच वस्तू दुसऱ्या ॲपवर चाळीस रुपयांनी स्वस्त दिसते आणि दोन्हीकडे ऑर्डर करून जी आधी येईल ती घेतली जाते. आणि कधी डिलिव्हरीवाला गेलेलाच नसतो. उन्हात डोंगरापलीकडच्या वाडीवर जाण्याऐवजी ‘ग्राहकाने नाकारले’ एवढा शेरा मारून तो मोकळा होतो.

यातल्या जवळपास प्रत्येक कारणावर उपाय आहे, आणि तो फोन लवकर करण्यात आहे. अनुभवी विक्रेते ऑर्डर आली की लगेच व्हॉट्सॲपवर पत्ता, आकार, रंग आणि रक्कम लिहून ‘बरोबर आहे ना?’ असं विचारतात. उत्तर आलं नाही तर माल बांधतच नाहीत. इथेच पुष्कळ कच्च्या ऑर्डरी गळतात, आणि त्या इथे गळलेल्या बऱ्या. पार्सल निघाल्यावर ‘उद्या पोहोचेल, इतके रुपये तयार ठेवा किंवा यूपीआय करा’ असा दुसरा निरोप. पहिल्या फेरीत डिलिव्हरी झाली नाही की कुरियर कंपनी विक्रेत्याला तसं कळवते. न पोहोचलेल्या पार्सलांच्या त्या यादीला एनडीआर, म्हणजे ‘नॉन-डिलिव्हरी रिपोर्ट’, म्हणतात. बहुतेक कंपन्या साधारण तीन फेऱ्या करतात, म्हणजे वाचवायला दोन संधी उरतात. यादी आली त्याच दिवशी गिऱ्हाइकाला फोन केला तर ‘अहो ताई, मी घरीच होते, कोणी आलंच नाही’ हेही कळतं आणि पुढची फेरी मार्गी लागते. दोन दिवसांनी फोन केला तर पार्सल परतीच्या गाडीत असतं.

आगाऊ थोडी रक्कम घेणं हा यातला सर्वांत परिणामकारक मार्ग. शंभर रुपये यूपीआयने भरणारा माणूस बाकीचे पाचशे देण्याची मनाची तयारी करूनच भरतो. येवल्याहून थेट पैठणी पाठवणारे किंवा मापाने ब्लाऊज शिवून देणारे यांना तर दुसरा पर्यायच नाही. कोणाच्या तरी छातीच्या मापाने शिवलेला ब्लाऊज परत आला तर तो कोणाला विकायचा? कोल्हापुरी चपलांच्या विक्रेत्यांची अडचण थोडी वेगळी आहे. तिथे नकार आणि परती येतात त्या मापावरून. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारा आणि लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा, एवढी एक सूचना ठळक लिहिली तरी कितीतरी जोड्यांचा उलटा प्रवास टळतो.

कायदा याबाबत काय म्हणतो ते बऱ्याच विक्रेत्यांना नीट माहीत नसतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. ग्राहकाने खरेदी पक्की केल्यावर रद्द केली म्हणून ई-कॉमर्स कंपनीला त्याच्यावर शुल्क लावता येत नाही. कंपनी स्वतःहून ऑर्डर रद्द करते तेव्हा तीही तसंच शुल्क सोसत असेल, तरच ते लावता येतं. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी निघाली, किंवा कबूल केलेल्या मुदतीनंतर पोहोचली, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने झालेला उशीर तेवढा वगळला आहे. मात्र केवळ मन बदललं म्हणून कोणतीही वस्तू परत करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदीसाठी तसा चौदा दिवसांचा हक्क आहे. आपल्याकडे ‘सात दिवसांत परत करा’ ही सवलत त्या त्या कंपनीचं धोरण असते.

दुसऱ्या बाजूने, १९३० च्या माल विक्री कायद्याच्या ५६ व्या कलमानुसार, खरेदीदाराने माल स्वीकारायला आणि पैसे द्यायला गैरपणे नकार दिला तर विक्रेता नुकसानभरपाईचा दावा करू शकतो. कागदावर हा हक्क भक्कम आहे. पण १४५ रुपयांसाठी बीडहून आसामातल्या कोकराझारच्या माणसावर दावा कोण लावणार? ज्यांचं नुकसान छोट्या छोट्या रकमांत होतं, त्यांच्या हाती हा हक्क असून नसल्यासारखा आहे, आणि हे मला मनापासून खटकतं.

म्हणून विक्रेते स्वतःपुरती तटबंदी करतात, आणि तिचा फटका भलत्यांनाच बसतो. ज्या पिनकोडवरून पार्सलं जास्त परत येतात तिथे कॅश ऑन डिलिव्हरी बंद करून टाकतात. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. सारख्या नावांची गावं आणि अनेक लिपींतले पत्ते यांतून पत्र नेमक्या ठिकाणी पोहोचावं हा तिचा हेतू होता. आज त्याच सहा आकड्यांवरून कुठल्या गावावर भरवसा ठेवायचा हे ठरतं. एका पिनकोडात वीस वाड्या असतात. चार जणांनी पार्सलं नाकारली म्हणून उरलेल्या सगळ्या प्रामाणिक माणसांची सोय बंद होते. पुष्कळदा दोष माणसांचा नसतोच, ‘मारुती मंदिराच्या मागे’ एवढ्या पत्त्याचा असतो. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. देशाचा प्रत्येक सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा तुकडा तो दहा अक्षर-अंकांनी ओळखतो. विक्रेत्यांनी पत्त्यासोबत तो मागायला सुरुवात केली, तर ‘पत्ता सापडला नाही’ या शेऱ्याला बरीच कमी जागा उरेल.

फराळाची गोष्ट मात्र वेगळी ठेवावी लागते. बचत गटांच्या बाया चकल्या, करंज्या, अनारसे बाहेरगावी पाठवतात. परत आलेली चकली पुन्हा विकता येत नाही, करंजी तर दोन वेळच्या गाडीप्रवासात अर्धी फुटलेली असते. इथे परतीचं भाडं दुय्यम, पदार्थच बुडतो. फराळ पूर्ण पैसे आधी घेऊनच पाठवावा, आणि गिऱ्हाइकानेही त्यात अविश्वास मानू नये. हवा तर आधी पाव किलो मागवावा, चव पाहावी, मग मोठी ऑर्डर द्यावी. रद्द करण्याची शेवटची तारीख गटाने आधीच जाहीर करावी, आणि ती भाजणी दळायला जाण्याच्या आदली असावी.

आता प्रश्न उरतो दारात पैसे घेण्याच्या शुल्काचा. काही कंपन्या कॅश ऑन डिलिव्हरीसाठी वेगळी रक्कम लावतात. त्याविरुद्ध तक्रारी आल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी चौकशी सुरू केल्याचं सांगितलं. लपवलेलं शुल्क वाईटच. खरेदीच्या शेवटच्या पायरीवर अचानक वाढलेली रक्कम पाहूनच कितीतरी लोक ऑर्डर सोडून देतात. पण हे शुल्क पहिल्याच पानावर उघड लिहिलं आणि पार्सल स्वीकारल्यावर ते पुढच्या खरेदीत वळतं केलं, तर ते मला योग्य वाटेल. सध्या दारातल्या नकाराचा सगळा खर्च विकणारा सोसतो आणि किंमत वाढवून तो प्रामाणिक गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. कोणत्या गिऱ्हाइकाने याआधी किती पार्सलं नाकारली, ही माहिती मोठ्या कंपन्यांकडे असते. नाव-पत्ता उघड न करता, ऑर्डर बांधण्यापूर्वी धोका कमी की जास्त एवढी खूण जरी त्यांनी छोट्या विक्रेत्याला दाखवली, तरी कोणाला आधी फोन करायचा हे त्याला कळेल.

आणि आपण विकत घेणारे? मन बदललं तर बिनधास्त रद्द करावं, फक्त ॲपवर ‘पाठवले’ अशी नोंद दिसण्यापूर्वी. ती दिसली असेल तर विक्रेत्याला किंवा ॲपच्या मदत विभागाला लगेच कळवावं, कारण पार्सल जवळच्याच केंद्रावर असेल तर काही वेळा ते तिथूनच वळवता येतं. आपण घरी नसणार असू, तर घरातल्यांना रक्कम सांगून ठेवावी. आणि नकार द्यायचाच असेल तर खरं कारण निवडावं. ‘इतर’ या पर्यायावर बोट ठेवलं की विकणाऱ्याला माप सुधारायचं, फोटो बदलायचा की कुरियर, हे कधीच समजत नाही.